शिबिरात नक्की कोणती तपासणी झाली तेवढं तरी नीट छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर लागला की तुमच्या पेपरात स्तनाच्या कॅन्सरच्या, गुलाबी रिबनवाल्या बातम्या सुरू होतात, चांगलंच आहे, त्याबद्दल अजिबात तक्रार नाही. पण मागच्या आठवड्यात पुणे पुरवणीत एका शिबिराची बातमी वाचली, फोटोत मंडप, हारतुरे, मान्यवर मंडळी आणि खाली लिहिलंय की दिवसभरात दोनशेच्या वर महिलांची मोफत मॅमोग्राफी (म्हणजे स्तनांचा एक्स-रे) करण्यात आली. मी पुण्यातच मॅमोग्राफी टेक्निशियन म्हणून नोकरी करून रिटायर झालेली बाई, त्यामुळे असं काही वाचलं की आधी मनात हिशोब सुरू होतो. एका बाईचे चार फोटो, कपडे काढणं-घालणं, नाव-वय-पाळीची तारीख लिहून घेणं, कितीही हात उरकला तरी पंधरा मिनिटं जातातच. तासाला चार. आठ तास जेवायलाही न उठता काम केलं तर ३२. फोटोत व्हॅन तर एकच दिसत होती. मग दोनशे कुठून आल्या?

ज्यांनी ही तपासणी कधी केली नाही त्यांच्यासाठी जरा सविस्तर सांगते, म्हणजे हा हिशोब का पटत नाही ते कळेल. मॅमोग्राफी म्हणजे यंत्रासमोर उभं राहिलं आणि झालं असं नसतं. बाईला कमरेपर्यंत कपडे काढून मशीनला अगदी खेटून उभं करायचं, खांदा सैल सोडायला सांगायचं (जो घाबरलेली बाई कधीच सोडत नाही), स्तन हाताने उचलून प्लेटवर पुढे ओढून नीट पसरायचा, मग वरून प्लास्टिकचं पॅडल खाली आणत दाबायचं, "श्वास धरा" म्हणायचं आणि काचेमागे जाऊन एक्सपोजर द्यायचं. दोन्ही बाजूंचा वरून एकेक आणि तिरका एकेक, असे चार. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू पार निपलच्या लेव्हलपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे, तो तसा दिसला नाही तर काखेकडचा भाग फ्रेमच्या बाहेर राहिला असं समजायचं आणि परत काढायचा. आणि काखेकडचा वरचा बाहेरचा भाग हाच तर सगळ्यात महत्त्वाचा, तिथेच सगळ्यात जास्त कॅन्सर सापडतात.

त्यात आपल्याकडच्या बायकांच्या अडचणी वेगळ्या. मुळशी-वेल्ह्याकडून आलेल्या कितीतरी जणी मंगळसूत्र काढायला तयार नसायच्या, सासू बाहेर बसलेली असायची. मग त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा मंगळसूत्र पाठीवर टाकायचं आणि वरून मेडिकल टेपची पट्टी मारायची, म्हणजे ते पुढे येत नाही आणि फोटोतही येत नाही. हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नाहीत. बाहेर पुरुष टेक्निशियन दिसला की अर्ध्या जणी "उद्या येते" म्हणून निघून जायच्या आणि उद्या काही यायच्या नाहीत. शिबिरवाल्यांनी मंडपाच्या डेकोरेशनपेक्षा हे आधी बघावं, की आत बाई टेक्निशियन आहे का आणि दाराला पडदा आहे का.

दाबण्याबद्दल खूप बायकांच्या मनात राग असतो, माझ्यासमोर शिव्याही घातल्यात लोकांनी, आणि दुखतं हे खरंच आहे. पण ते काही उगाच नाहीये. दाबलं की आतले एकावर एक आलेले थर पसरतात, त्यामुळे मागे दडलेली गाठ दिसते, फोटो हलत नाही आणि एक्स-रेही कमी लागतो. हे दाबण्याचं महत्त्व ठासून सांगितलं ते उरुग्वेच्या डॉ. राउल लेबोर्न यांनी, १९४९ च्या सुमारास, त्याआधी लोक न दाबताच फोटो काढायचे आणि धूसर चित्रात डोळे फोडत बसायचे. दाब असतो काही सेकंदांचा. पाळी संपल्यावरच्या आठवड्यात गेलात तर दुखणंही बरंच कमी होतं, अपॉइंटमेंट देणाऱ्या मुलीने एवढं एक वाक्य सांगितलं तर काय बिघडतं, पण सांगत नाहीत. आणि एक्स-रेची भीती म्हणाल तर दोन्ही बाजूंच्या पूर्ण तपासणीला साधारण ०.४ मिलिसीव्हर्ट डोस पडतो, म्हणजे जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला जे रेडिएशन तसंही मिळतच असतं, त्यातलं सहा-सात आठवड्यांचं. त्यासाठी तपासणी टाळावी इतकं ते मोठं नाही.

तर मुद्दा असा की त्या दोनशे बायकांपैकी बहुतेकींची मॅमोग्राफी झालेलीच नसणार. काहींची डॉक्टरांनी हाताने तपासणी केली असेल, काहींना उष्णता मोजणाऱ्या कॅमेऱ्यासमोर बसवलं असेल, कारण हल्ली शिबिरात ते फार चालतं, न दाबता, न दुखता, रंगीत चित्र लगेच स्क्रीनवर. आणि बातमीत सगळ्याला मिळून एकच नाव, मॅमोग्राफी. आता घरी गेलेली बाई पुढची काही वर्षं सगळ्यांना हेच सांगणार ना, की माझी मॅमोग्राफी नॉर्मल आली. उद्या खरंच कुणी तिला मॅमो करून घे म्हणालं तर म्हणेल झालीये की.

हाताने केलेल्या तपासणीला मी कमी लेखत नाहीये हां, उलट तिची बाजूच घेणार आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून वीस वर्षं मुंबईच्या वस्त्यांमधून दीड लाखाच्या वर बायकांवर हा अभ्यास केला, वय ३५ ते ६४. निम्म्या जणींची ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, मॅमोग्राफी नाही, काही नाही. २०२१ मध्ये त्याचे निकाल छापून आले. तपासणी झालेल्यांमध्ये कॅन्सर लवकरच्या स्टेजला सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये त्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्यांना मात्र मृत्यूच्या आकड्यात तसा फायदा दिसला नाही, हेही सांगायला हवं. आपल्या सरकारी कार्यक्रमातसुद्धा ३० ते ६५ वयाच्या बायकांची हाताने तपासणी करायचीच असं ठरलेलं आहे, मॅमोग्राफी सरसकट सगळ्यांना असं नाही. म्हणजे शिबिरात शिकलेल्या नर्सताईंनी नीट दहा मिनिटं देऊन हाताने तपासलं तर ते चांगलंच काम आहे, ताठ मानेने तसंच लिहा की. त्याला मॅमोग्राफीचा टिळा कशाला लावायचा?

उष्णतेच्या कॅमेऱ्याचं मात्र वेगळं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) स्पष्ट सांगितलंय की थर्मोग्राफी ही मॅमोग्राफीच्या जागी वापरायची तपासणी नाही, आणि एवढं एक वाक्य तरी शिबिराच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात असावं. आणखी एक गोंधळ "सोनोमॅमो"चा. सोनोमॅमो म्हणजे स्तनांची सोनोग्राफी, त्यात एक्स-रे नसतो, दाबणं नसतं. गाठ पाण्याची आहे की भरीव ते सोनोग्राफीत छान कळतं, पण कॅल्शियमचे बारीक कण, जे चिमूटभर मीठ सांडल्यासारखे दिसतात आणि काही वेळा अगदी सुरुवातीच्या कॅन्सरची तीच एकमेव खूण असते, ते मॅमोग्राफीतच नीट दिसतात. हे कण १९१३ साली बर्लिनच्या अल्बर्ट सालोमन नावाच्या सर्जनला दिसले होते, ऑपरेशन करून काढलेल्या तीन हजार स्तनांचे एक्स-रे त्याने काढले होते, पण त्या ठिपक्यांचा अर्थ तेव्हा लागला नव्हता. आमच्या फिल्मच्या जमान्यात डॉक्टर भिंग घेऊन हे ठिपके शोधायचे, आता स्क्रीनवर मोठं करून बघतात. सोनोग्राफीचं मशीन तर गर्भलिंग निदानाच्या कायद्यामुळे उचलून कुठल्याही मंडपात नेता येत नाही, मशीनची आणि जागेची नोंदणी लागते, त्यामुळे शिबिरात गाठ सापडली तरी सोनोग्राफीला दुसरीकडे जावंच लागतं. मग "दुसरीकडे" म्हणजे कुठे, कधी, खर्च कुणी करायचा, हे शिबिराच्या आधी ठरवायला नको का?

दुसरं टोक म्हणजे पॅकेजवाले. महिला दिनाला कर्वे रोडपासून हडपसरपर्यंत बोर्ड लागतात, पंचविशीपासून पुढे फुल बॉडी चेकअप, त्यात मॅमोग्राफी फ्री. अहो, पंचविशीतल्या मुलीला काही त्रास नसताना, घरात कुणाला नसताना मॅमोग्राफी कशाला? तरुण वयात टिश्यू दाट असतो, फोटोत तोही पांढरा आणि गाठही पांढरी, मग दिसणार काय. तिशीच्या आतल्या मुलीच्या हाताला गाठ लागली तर पहिल्यांदा सोनोग्राफी करतात ती ह्याचसाठी. आणि आईला किंवा बहिणीला लहान वयात कॅन्सर झालाय, किंवा जीनची टेस्ट पॉझिटिव्ह आहे, अशांचं सगळं वेगळं, त्यांना एमआरआयसुद्धा लागतो, तो त्यांनी पॅकेजवाल्याला नाही तर डॉक्टरांना विचारून करायचा. काही त्रास नसलेल्या साध्या बाईने कधीपासून करायची यावर जगभरात एकमत नाहीये, इंग्लंडमध्ये पन्नाशीपासून दर तीन वर्षांनी बोलावतात, अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये चाळीशीपासून दर दोन वर्षांनी असं सांगितलं. आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर तिकडच्यापेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात जास्त दिसतो, म्हणून पन्नाशीची वाट बघा असंही मी कुणाला म्हणणार नाही. पण हे सगळं ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी. गाठ लागतेय, निपलमधून रक्त येतंय, निपल आत ओढलं गेलंय, कातडीला खळगा पडलाय, तर वय-बिय काही न बघता दाखवायचं. आणि मॅमो नॉर्मल आला पण गाठ हाताला लागतेच आहे तर तिथे थांबायचं नाही, सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईची तपासणी करून मगच विषय सोडायचा. मॅमोग्राफी सगळं पकडत नाही, हे आम्ही त्या खोलीतले लोक सगळ्यात आधी कबूल करू.

आता रिपोर्टाबद्दल. माझा खरा राग इथे आहे. मॅमोग्राफीच्या रिपोर्टात शेवटी एक नंबर असतो, बायरॅड्स म्हणतात त्याला, अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने १९९३ मध्ये ही पद्धत काढली, आता आपल्याकडेही तीच वापरतात. हा नंबर डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी केलेला, पण हल्ली रिपोर्ट आधी येतो व्हॉट्सॲपवर, बऱ्याचदा शनिवारी संध्याकाळी, डॉक्टरांची ओपीडी सोमवारी. मधल्या दीड दिवसात घरात काय होतं ते मी बघितलंय. एका बाईंचा रिपोर्ट ४ ए आला, मुलगा आयटीतला हुशार, त्याने लगेच त्याची चौथी स्टेज करून टाकली, साताऱ्याहून मामा-मामी रात्रीच्या गाडीने येऊन दाखल, आणि सोमवारी त्या माझ्यासमोर उभ्या, डोळे सुजलेले, मला विचारतात मॅडम किती महिने. रिपोर्ट सांगायचा आम्हाला अधिकार नसतो, तरी मी म्हटलं ताई हा नंबर स्टेजचा नाही हो, आत जाऊन डॉक्टरांना भेटा. सुईची तपासणी झाली, साधी फायब्रोअडेनोमाची, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ निघाली. मामा-मामी परत गेले.

त्या नंबरांचा अर्थ काही इतका अवघड नाहीये. शून्य म्हणजे "काही नाही" असं नाही, शून्य म्हणजे चित्र अजून पूर्ण नाही, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी करा किंवा जुने फोटो आणा, आणि नेमक्या ह्याच शून्याला नॉर्मल समजून फाइल कपाटात टाकणाऱ्या बायका मी पाहिल्यात, जीव कळवळतो. एक म्हणजे नॉर्मल, दोन म्हणजे काहीतरी दिसतंय पण साधं आहे. तीन म्हणजे बहुतेक साधंच, कॅन्सर असण्याची शक्यता दोन टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी परत बघू. चार म्हणजे शंका आहे, सुईने तुकडा काढून तपासा, पण ही शंका दोन टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कितीही असू शकते, म्हणून तर त्याचे ए, बी, सी केलेत, ए मध्ये दहा टक्क्यांपर्यंतच. पाच म्हणजे ९५ टक्के किंवा जास्त. सहा म्हणजे तुकडा तपासून आधीच निदान झालेलं आहे. आणि स्टेज ठरते ती कॅन्सर सिद्ध झाल्यावर, गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, कॅन्सर शरीरात दुसरीकडे गेलाय का हे सगळं बघून, मॅमोच्या नंबरावरून नाही. एवढं अर्ध्या पानावर मराठीत छापून रिपोर्टाला पिन मारायला कुठल्या लॅबला किती खर्च येतो? पुण्यात दुकानांच्या पाट्या मराठीत नाहीत म्हणून एवढा गदारोळ होतो, बाईच्या हातातला कागद तिला वाचता येत नाही याचं कुणाला काही नाही.

जुन्या फोटोंचंही तसंच. एक आजी होत्या, धायरीकडच्या, सूनबाईंबरोबर आलेल्या, त्यांच्या फोटोत एका बाजूला गोल पांढरा डाग दिसला. डॉक्टर सुईचं लिहून देणार तेवढ्यात आजी म्हणाल्या माझे पहिले पण फोटो आहेत घरी. सूनबाई वैतागली, पण दुसऱ्या दिवशी घेऊन आली, लक्ष्मी रोडच्या दुकानाच्या साडीच्या पिशवीत, गादीखाली ठेवलेल्या, त्यामुळे न मुडपलेल्या, सपाट फिल्म. डॉक्टरांनी व्ह्यू बॉक्सवर लावल्या, पाच-सहा वर्षांपूर्वीच्या, डाग त्याच जागी तेवढाच, कडा तशाच गुळगुळीत. सुई टळली. सहा वर्षांत तसूभर न बदललेला गोल डाग कॅन्सर असणं फार अवघड, पण हे जुना फोटो असेल तरच म्हणता येतं. आता फिल्म गेल्या, सीडी देतात, लॅपटॉपला सीडी लावायची जागाच राहिली नाही ती गोष्ट सोडा, आणि कित्येक ठिकाणी सीडीपण मागितल्याशिवाय देत नाहीत, नुसती लिंक पाठवतात, ती काही दिवसांनी उघडत नाही. शिबिरातल्या बायकांच्या हाती तर बहुतेक वेळा फोटो येतच नाहीत. म्हणजे दोन वर्षांनी ती बाई परत पहिलीपासून सुरू.

आमच्या सोसायटीत काम करणाऱ्या एक मावशी अशाच एका शिबिराला जाऊन आल्या. हातात एक चिठ्ठी, त्यावर शिक्का आणि "पुढील तपासणी करावी" एवढंच. कुठली तपासणी, कुठल्या बाजूला, काही नाही. चिठ्ठीवरचा फोन लावला तर तो आयोजकांच्या ऑफिसचा, तिथला मुलगा म्हणाला साहेब बाहेरगावी आहेत. साहेबांचा मावशींच्या गाठीशी काय संबंध? शेवटी मीच त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, एक खाडा झाला, दुसरा खाडा झाला, मावशींचे दोन घरांचे पैसे कापले गेले. सोनोग्राफीत पाण्याची गाठ निघाली, सुईने पाणी काढलं, विषय संपला. त्यांच्याबरोबर त्याच वस्तीतल्या आणखी दोघींना तशाच चिठ्ठ्या मिळाल्या होत्या, त्या काही आल्या नाहीत, आता गावाला गेल्यात म्हणे.

२०२२ च्या जागतिक आकडेवारीनुसार आपल्या देशात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर झाल्याचं निदान झालं आणि ९८ हजारांच्या वर बायका त्याने दगावल्या. तिकडे स्वीडनमध्ये ८० हजार बायकांवर अभ्यास केला, त्यातल्या निम्म्या जणींचे फोटो एआयच्या मदतीने वाचून बघितले, फोटो वाचणाऱ्या डॉक्टरांचं काम ४४ टक्क्यांनी हलकं झालं आणि कॅन्सर सापडायचे काही कमी झाले नाहीत. इकडेही लोक लगेच म्हणायला लागलेत आता एआय आलं, प्रश्न सुटला. पण स्वीडनमध्ये शंका आली तर त्या बाईला पत्र जातं, तारीख मिळते, परत बोलावतात. आमच्या मावशींची चिठ्ठी एआयने लिहिली असती तरी फोन त्याच ऑफिसात लागला असता.

तेव्हा तुमच्या बातमीदारांना एवढंच सांगा की शिबिराची बातमी घेताना आयोजकांना जरा खोदून विचारा. किती जणींची हाताने तपासणी झाली, किती जणींची खरोखर एक्स-रेची मॅमोग्राफी झाली, फोटो कुठल्या रेडिओलॉजिस्टने वाचले, आणि पुढे पाठवलेल्या बायकांपैकी किती पोचल्या. शेवटचा आकडा मिळायला दोन-तीन महिने लागतील, तर तेव्हा परत छापा, मान्यवरांचा फोटो नसला तरी चालेल. पुढे पाठवलेल्या दहाच असतील आणि दहाही पोचल्या असतील तर त्या शिबिराला पहिल्या पानावर जागा द्या, मी स्वतः आयोजकांना पेढे नेऊन देईन.

आपली,
एक निवृत्त मॅमोग्राफी टेक्निशियन,
कोथरूड, पुणे

ता.क. मॅमोग्राफीला जाताना त्या दिवशी काखेत किंवा छातीवर पावडर, डिओ, क्रीम काही लावू नका. त्यातले कण फोटोत बरोबर त्या कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटतात आणि मग पुसून परत दाबून घ्यावं लागतं. साडी किंवा दोन तुकड्यांचा ड्रेस घाला, गाऊन घालून आलात तर सगळाच काढावा लागतो. आणि निघताना काउंटरवर सीडी मागून घ्या, नाही म्हणाले तरी परत मागा.